दोन सुतांचा माणूस

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की प्रत्येक सोसायटीत एकाला तरी सुतारकीचा झटका येतो. आमच्याकडे तो नानांना येतो. गणिताचे निवृत्त मास्तर. "पावसात लाकूड फुगतं, खरं माप थंडीतच मिळतं," हा त्यांचा सिद्धान्त. त्यामुळे नोव्हेंबरपासून लाकूड त्यांच्या हॉलमध्ये आणि भुसा आमच्या जिन्यात.

इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. सुतार हे माप लाकडाला लावतात, नाना जगाला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात फळीला गुण्या लावून त्यांनी दुकानदाराला सुनावलं, "कोपरा एक सूत मारतोय." काकूंची पोळी दोन सूत जाड. माझी मिशी डावीकडे एक सूत खाली. वार्षिक सभेत हिशेबावर हाणामारीची वेळ आली, तेव्हा नानांनी हात वर केला. सगळे गप्प. "मागची गांधीजींची तसबीर दोन सूत कललीय."

यंदा कपाट काढलं होतं. पाडलेल्या वाड्याचं सागवान, उंची 106 इंच, खोली 22, वर छत 108 इंचांवर. जमिनीवर आडवं जोडलं आणि जानेवारीत उभं करायला आम्हा शेजाऱ्यांना बोलावलं. जवळजवळ उभं झालं आणि कोपरा छताला अडला. नानांनी टेप लावली. जन्मभर पायथागोरस शिकवलेला माणूस खाली बसला. कर्ण 108 इंच आणि वर दोन सूत!

"दोनच ना?" काकू म्हणाल्या. "मग घ्या चालवून."

खरं तर त्या दिवशी पोटभर हसायचं ठरवलं होतं. पण आडव्या कपाटात डोकावलो तर एका फळीवर पेन्सिलीची खूण दिसली. खांदा धरल्यापासून काकूंचा हात कुठवर जातो, ते मोजून केलेली. रोजच्या साड्यांचा कप्पा त्याच्या बरोबर एक सूत खाली. आणि जुलैत आमची फुगलेली दारं रंधा मारून फुकटात मोकळी करतो तोही हाच माणूस. मला नाइलाजाने हसू आवरावं लागलं.

शेवटी खरा सुतार आला. त्याने चार इंचांची बैठक कापून वेगळी केली, कपाट उभं केलं, बैठक खाली सरकवली, पैसे घेतले आणि गेला. त्याने एकदाही टेप काढली नाही, ही नानांची तक्रार मात्र अजून चालू आहे.