सहा तारा आणि नवतपा

ज्याला गिटार अजिबात वाजवता येत नाही त्यानेच पहिली गिटार निवडायची, असा या वाद्याचा रिवाज आहे. वाजवता यायला लागलं की काय घ्यायला हवं होतं ते कळतं, पण तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून नवशिका जाणकार शोधतो. नागपुरात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई होते, जाणकारांची बाराही महिने होत नाही.

आमची पिढी १९८८ची. 'कयामत से कयामत तक'मध्ये आमिर खान कॉलेजच्या निरोपसमारंभात गिटार घेऊन उभा राहिला आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या पोट्ट्यांनी मनातल्या मनात गिटार घेतली. मनातल्या मनातच, कारण घरी वडील होते. आमच्या थोरल्या भावांना त्याआधी, १९७३ साली, 'यादों की बारात'मधल्या झीनत अमानने बिघडवलं होतं. गिटारने बोटं दुखतात, ही गोष्ट मात्र पडद्यावर कोणीच सांगितली नाही. हीरोची कशी दुखतील? स्टुडिओत बसून वाजवणारा वेगळाच असायचा. संगीतकार पंचमच्या ताफ्यात गिटार वाजवणारे भूपिंदर सिंग आम्हाला वर्षानुवर्षं फक्त गायक म्हणून ठाऊक होते.

आता पन्नाशी उलटली, पोरं नोकरीला लागली, तेव्हा मी घरात जाहीर केलं की गिटार घेणार. बायको म्हणाली, "ठेवाल कुठे?" हा प्रश्न तेव्हा मला अरसिक वाटला. नंतर कळलं की सगळ्या चर्चेतला तोच एक तांत्रिक प्रश्न होता.

वरच्या मजल्यावरच्या काकांनी तर हे वाद्यच नामंजूर केलं. काका शास्त्रीयवाले. वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रेंकडे शिकले, हे ते अशा थाटात सांगतात की जणू शिकवणीच्या वेळी हेही बाजूला बसून होते. "वाद्य घ्यायचं तर मिरजेला जा," ते म्हणाले. "तंबोरा घे. कारागीर समोर बसून जवारी काढून देतो. २०२४ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, पेपरात वाचलं नाहीस?" मी म्हटलं, "काका, ब्रिजभूषण काबरांनी १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त संतूर आणि बासरीच्या जोडीला गिटारच वाजवली की." काका जरा थांबले. मग म्हणाले, "हौ, पण त्यांनी ती मांडीवर आडवी ठेवली होती. उभी धरली नव्हती." यावर उत्तर नव्हतं. असलं तरी मी दिलं नसतं, त्यांच्याकडे आमच्या पाण्याच्या टाकीची किल्ली असते.

खरा जाणकार निघाला भाचा. इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर राहून तो गिटार शिकला आणि जमलं तसं इंजिनीअरिंगही. तो म्हणाला, "मामा, आत्ता नका घेऊ. दिवाळीनंतर घ्या." मी विचारलं, "काहून?" तेव्हा त्याने लाकडाचं शास्त्र सांगितलं. गिटारला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते, असं बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ती २० टक्क्यांच्याही खाली जाते, पारा ४५च्या आसपास. लाकूड आकसतं, भारीतल्या गिटारचा दर्शनी पाटा तडकूही शकतो. संध्याकाळी आपण कूलर लावतो, की ओल्या ताट्यांमधून खोलीभर दमट हवा. म्हणजे गिटारला दुपारी राजस्थान, रात्री कोकण. त्यात सहा पोलादी तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण. माझं वजनही तेवढंच. एक अख्खा मी त्या वाद्याच्या मानेला रात्रंदिवस लटकलेला आहे, ही कल्पना मला त्या वाद्याविषयी आदर वाटायला पुरेशी होती.

पण मी नेमका नवतप्यातच, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांतच गेलो. माझं म्हणणं असं की नागपुरात राहायचं असेल तर वाद्याची परीक्षा नागपूरच्या सर्वांत वाईट आठवड्यात घ्यावी. हिवाळ्यात सगळेच गोड वाजतात. शिवाय भर दुपारी बर्डीच्या बाजारात चिटपाखरू नसतं, दुकानदार पंख्याखाली पेंगत असतो आणि तासभर बसलं तरी कोणी हाकलत नाही.

दुकानातल्या पोराने आधी एक थोराड गिटार मांडीवर दिली. ड्रेडनॉट म्हणतात तिला, ब्रिटिशांच्या १९०६च्या युद्धनौकेवरून. आवाज दणदणीत, पण ती आणि माझं पोट एकाच जागेवर हक्क सांगायला लागले. पोट मागे हटणारं नव्हतं. मग कमरेत बारीक असलेली लहान अंगाची गिटार मागितली. पोरगा म्हणाला, "काका, कटवाला घ्या ना, खालच्या फ्रेटपर्यंत हात जाते." खालच्या फ्रेटपर्यंत हात जायला मला अजून काही वर्षं आहेत, तोवर गिटारच्या अंगाला पाडलेल्या त्या खाचेचे पैसे कशाला द्या? नायलॉनच्या तारांचीही पाहिली. बोटांना लोण्यासारखी मऊ, पण मान इतकी रुंद की करंगळी पलीकडे पोचेचना. आणि शिवाय आमिरच्या गाण्याचा खणखणाट तिच्यातून निघत नाही. शेवटी निम्मी गिटार तर त्या गाण्यासाठीच घ्यायची होती.

मग मी खिशातून मुलाच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी काढली. पेंगणारा दुकानदार जागा झाला. बाराव्या फ्रेटपाशी तार दोन-अडीच मिलिमीटर उंच असावी, असं भाच्याने बजावलं होतं. पहिल्या गिटारची निघाली चार. तिच्यावर रोज सराव करणारा माणूस महिन्याभरात गिटार विकतो आणि आपल्याला संगीताचा कान नाही असं जन्मभर सांगत फिरतो. कान चांगला असतो हो, तार उंच असते.

दुसरी परीक्षा फक्त मे महिन्यातच होते. मानेच्या कडेवरून बोट फिरवायचं. उन्हाने लाकूड आकसतं, फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या आकसत नाहीत. त्यांची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात. जी गिटार नवतप्यात टोचत नाही ती आपली. अशी एक सापडली, तीही प्लायच्या पाट्याची, म्हणजे स्वस्तातली. जगभरचे तज्ज्ञ अखंड लाकडाचा पाटा घ्या म्हणतात, तो सुरेल असतो हेही खरं. पण ते तज्ज्ञ आपल्या गच्चीखालच्या खोलीत राहत नाहीत. प्लायचे थर एकमेकांना धरून राहतात, हवा फिरली तरी सहजी तडकत नाहीत. परवडणारी गोष्टच शहाणपणाची ठरावी, हे मध्यमवर्गीयाच्या आयुष्यात इतक्या क्वचित घडतं की मी घासाघीस जरा कमीच केली.

फ्रेट बसवलेली पट्टी मात्र खऱ्या शिसवाची होती. आपल्या जंगलातला हा काळा शिसव जगभरचे गिटारवाले जपून वापरतात. २०१७ साली त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, २०१९मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. एवढं मोलाचं लाकूड! आमचे आजोबा त्याच्या पलंगावर घोरले.

घरी आल्यावर बायकोचा प्रश्न उभाच होता. हॉलमध्ये कूलर, आमच्या खोलीवर तापलेला स्लॅब, माळ्यावर तर भट्टी. उरली फक्त आईची खोली. गुडघे धरतात म्हणून ती कूलर लावू देत नाही आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबामुळे खोली तापतही नाही. गिटार तिथे राहायला गेली, मागोमाग माझा सरावही गेला. आईची अट एकच, शुभंकरोतीच्या आधी आटपायचं.

आता एफ नावाची कॉर्ड चालू आहे. तिच्यात तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात. बोटांच्या टोकांना घट्टे पडले की दुखणं थांबतं, म्हणून ती कोरडी ठेवायची. पण रात्री मी जेवायला बसलो की आई डावा हात ओढून घेते आणि बोटांना कैलास जीवन चोळते. भाचा म्हणतो, मामा, घट्टे पडू द्या. आई म्हणते, मी आहे तोवर पडू देणार नाही.