केंब्रिज सरप्राइज

इंग्रज माणूस आवाज चढवत नाही, आपण त्याच्या पायावर पाय दिला तरी सॉरी तोच म्हणतो, अशी त्याची ख्याती आहे. ज्यांना ही ख्याती जपायची असेल त्यांनी सरावाच्या संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यात चढू नये. तिथे घंटांचे सहा दोर लोंबत असतात, प्रत्येकाशी एक सभ्य गृहस्थ किंवा बाई उभी असते आणि मधूनच गर्जना होते, "तीन-चारमध्ये डॉज! डॉज!! अहो, तुम्ही!"

'तुम्ही' म्हणजे मी.

या घंटानादात चाल नसते, असतात फक्त आकडे. सगळ्यांत हलकी ट्रेबल आधी, सगळ्यांत जड टेनर शेवटी, असे उतरत्या स्वरांचे राउंड्स झाले की क्रम बदलू लागतो. एका फेरीत कुठल्याही घंटेने फार तर एकाच घराने सरकायचं आणि एकदा झालेला क्रम पुन्हा येता कामा नये. सहा घंटांचे असे 720 क्रम होतात, ते अर्ध्या तासाच्या आत उरकतात. सात घंटांचे 5040, म्हणजे तीनेक तास. आठ घंटांचे 40,320! तेही 1963 साली लफबरो गावात आठ जणांनी सलग वाजवून दाखवले, कुणीही दोर न सोडता, जवळजवळ अठरा तास. हा पराक्रम ऐकल्यावर मराठी माणसाच्या मनात एकच शंका येते आणि ती लघुच असते.

साधी पद्धत म्हणजे प्लेन बॉब. ती माणसासारखी आहे, पण मनोऱ्यात तिला पोरखेळ समजतात. खरी प्रतिष्ठा 'केंब्रिज सरप्राइज'ला. सरप्राइज ही पद्धतींची रीतसर वर्गवारी आहे, धक्का वगैरे काही नाही, असं मला समजावण्यात आलं. मला अजून ते पटलेलं नाही. आपल्या घंटेची वाट कागदावर एका निळ्या रेघेने काढलेली असते. पुढे सरका, एक घर मागे या, परत पुढे (हाच तो डॉज), मग एकाच जागी दोनदा वाजा, आणि हे सगळं तोंडपाठ. कागद समोर धरणं फाऊल. माझे आजोबा घनपाठी होते. त्यांना ही रेघ चार दिवसांत मुखोद्गत झाली असती. पण घनपाठ म्हणताना त्यांच्या शेंडीला शेकडो किलो काशाचं धूड बांधलेलं नसे. इथे घंटा चाकावर आख्खी गिरकी घेते, दर दोन सेकंदांना तुमची पाळी येते, आणि ती उशिरा वाजायला हवी असेल तर तोंड वर असताना, तोलावर, क्षणभर थोपवून धरावी लागते. त्या क्षणात पाठांतर आठवायचं.

आमच्या टॉवर कॅप्टनबाई जन्मभर दातांच्या डॉक्टर होत्या. समोरच्याला उत्तर देता येत नाही अशा वेळीच त्याच्याशी बोलायची त्यांना सवय आहे. सगळा खिचडा झाला की त्या "स्टँड!" म्हणतात. घंटा थांबतात आणि मग सहाही जण एकमेकांना सॉरी म्हणतात, ट्रेबलवाल्यासकट, ज्याने काहीच केलेलं नसतं. इंग्लंड पुन्हा जागेवर येतं.

यात धर्म कुठे, असं आई फोनवर विचारते. धर्म खालच्या मजल्यावर. रविवारी घंटा ऐकून भाविक पुढच्या दाराने आत येतात, तेव्हा आमच्यातले अर्धेअधिक मागच्या दाराने बाहेर पडलेले असतात.

लफबरोच्याच टेलर मंडळींनी ओतलेल्या आठ घंटा पुण्यात पंचहौद मिशनच्या मनोऱ्यात आहेत, हे कळल्यापासून कॅप्टनबाईंचे डोळे लकाकताहेत. आठ घंटा म्हणजे पाच हजारांवर फेऱ्यांची एक पूर्ण 'पील', तीन तासांची. गुरुवार पेठेतल्या मावशीला मी भीत भीत विचारलं.

"वाजवा की," मावशी म्हणाली. "फक्त एक ते चार सोडून."

चार वाजता पोचून सात वाजेपर्यंत संपवू, असं बाईंनी ताबडतोब कळवलं. त्यावर मावशीचं उत्तर आलं, की सातला तिची मालिका लागते, तेव्हा शेवटच्या शंभर-दोनशे फेऱ्या जरा भरभर उरका.