उकिडवं बसून वाचायचं विज्ञान

संशोधन परिषदेतल्या पोस्टरचा ए-झिरो कागद म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर. आपला संशोधक त्यात अख्खा प्रबंध कोंबतो. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली गाइडचं नाव ठळक, मग मुंगीएवढ्या अक्षरात प्रस्तावना. निष्कर्ष पार तळाशी, गुडघ्याच्या उंचीवर. तो वाचायला उकिडवं बसावं लागतं, आणि परीक्षक काही उकिडवे बसत नाहीत. 2019 मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या संशोधक-विद्यार्थ्यानं तोडगा सुचवला: जे सापडलं ते मधोमध, ठसठशीत अक्षरात, साध्या एका वाक्यात; बाकीचं कडेला आणि क्यूआर कोडमागे. सूचना चांगली आहे, पण अडचणीची. त्यासाठी काहीतरी सापडलेलं असावं लागतं! तोवर पोस्टरसाठी चहाच्या टेबलाशेजारची जागा मागून घ्या; फोटोत गर्दी तरी दिसेल.