हाताची घडी, तोंडावर बोट

बालशिक्षणात संगीताचं आणि हालचालीचं महत्त्व या विषयावर मी सव्वा तास बोलू शकतो. बसून. खुर्चीला हात असतील तर दीड ताससुद्धा.

त्यामुळे आमच्या भागातल्या अंगणवाडीच्या ताईंनी पालक मेळाव्यात ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलं, तेव्हा मी अख्खी वही भरली. समोर सतरंजीवर वीसेक मुलं, मागे त्यांच्या आया आणि कोपऱ्यात एक आजी. माझ्या सन्मानार्थ मुलांना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करून बसवलेलं. (घडी घातल्यावर बोट कुणाचं लावायचं, हे कोडं मला माझ्या शाळेतही सुटलं नव्हतं.) ‘मुलाला हलू द्या, हालचालीतूनच त्याची बुद्धी फुलते,’ हे पहिलं वाक्य मी या पुतळ्यांना ऐकवलं आणि त्यांच्या शिस्तीचं कौतुकही केलं.

भावनगरला 1920 साली गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केलं, इथवर सगळं ठीक चाललं होतं. फक्त एक बोट तोंडावरून नाकात सरकलं होतं. मग 1945, बोर्डी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. महागडी माँटेसरी साधनं परवडत नाहीत म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं वापरली, गाण्याला आणि नाचाला शिक्षणात जागा दिली. ‘आणि मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर,’ मी आवाज चढवला, ‘बालवाडीच अंगणात नेली!’ ‘अंगणात’ ऐकताच एक मुलगी उठली आणि खरोखरच अंगणात निघून गेली. तिच्यामागून आणखी दोघं.

मी जिनिव्हाकडे वळलो. एमिल जाक-दालक्रोझ तिथल्या संगीतशाळेत शिकवत. विद्यार्थ्यांची बोटं वाद्यावर तयार, पण लय अंगात नाही. हीच मंडळी रस्त्याने मात्र लयीत चालतात! म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना संगीताबरोबर चालायला, पळायला, थांबायला लावलं.

‘हे करूनच दाखवा ना सर,’ ताई म्हणाल्या.

मैफलीत समेवर मान हलवणं, तीही शेजाऱ्याची हलल्यावर, एवढाच माझा लयीचा अनुभव. पण वही पुढ्यात असताना माघार कशी घेणार? आधी गाणं घेतलं. मी आपल्या सवयीने काळी एक पट्टी धरली. लहान मुलांचा गळा त्या पट्टीच्या बराच वर असतो, हे मी वाचलं होतं, लिहिलंही होतं. पोरांनी बिचाऱ्यांनी हनुवटी छातीला टेकवून तळघरातून आवाज काढायचा प्रयत्न केला. एकाला खोकला लागला.

मग डफली. मी भारदस्त विलंबित ठेका धरला. या वयाची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा द्रुत असते. माझ्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत मुलं खोलीला प्रदक्षिणा घालून आली. शेवटी त्यांच्या पायांना गाठायला मीच डफली घेऊन पळू लागलो.

‘आजोबा दमले,’ एक मुलगी म्हणाली. मी पन्नाशीचा आहे.

ताईंनी डफली काढून घेतली. ‘वाजली की चालायचं, थांबली की पुतळा!’ खेळ साधा दिसतो, पण खरी कसरत थांबण्यात आहे. अंगात वेग आहे, मन पुढे धावतंय आणि तरी पाय रोखायचा. ‘गप बस’ने न येणारा ताबा असा हसतखेळत येतो. माझ्या भाषणात सतरंजीचे धागे उपटणारा मुलगा डफली थांबताच एक हात हवेत ठेवून जागच्या जागी थिजला. मी मात्र गेलेल्या बसच्या मागे धावणाऱ्या प्रवाशासारखा आणखी चार पावलं जाऊन आजींवर आदळलो.

‘सर आऊट!’ आजीच ओरडल्या.

ताईंनी मला पुन्हा आत घेतलं आणि डफली त्या धागेवाल्याकडे दिली. त्याने दणादण वाजवली, थांबवली. या वेळी मी वेळेवर थांबलो, पण एका पायावर. आता हा वाजवेल, मग वाजवेल. वाजवेना! आपण वाजवत नाही तोवर मोठी माणसंसुद्धा हलत नाहीत, हा शोध त्याला नुकताच लागला होता आणि तो त्याची चव घेत होता. तालात ‘खाली’चं महत्त्व काय, यावर माझ्या वहीत चांगलं पानभर विवेचन आहे. माझा गुडघा थरथरत असतानाच कुणीतरी फोटो काढला. मदतनीस मावशींनी ‘खिचडी झाली’ अशी हाक दिली, तेव्हा सुटका झाली.

संध्याकाळी फोटो पालकांच्या ग्रुपवर आला. खाली ओळ : ‘तज्ज्ञ मार्गदर्शन करताना.’ त्यावर कुणीतरी विचारलं होतं, ‘काटा रुतला का त्यांना?’

मला ताईंचा वेगळा निरोप होता. ‘सर, शनिवारी बेडूकउड्या आहेत. नक्की या. वही नको, ढगळ पायजमा घाला.’