जिल्ह्याचा कोट

संपादकांचा निरोप आला, सदरावरचा फोटो बदला. जुन्या फोटोतला माणूस आणि मजकूर लिहिणारा माणूस एकच आहे, यावर वाचकांचा विश्वास बसेनासा झालाय म्हणे. नवा फोटो 'प्रोफेशनल' हवा. मागे पांढरं, चेहरा समोर, अंगात कोट.

माझ्या लग्नातला कोट आता फक्त डाव्या हातात जातो. घरून सल्ला मिळाला, "स्टुडिओत असते नं कोट."

असतो. पांढुर्ण्याच्या स्टुडिओत तो आरशाशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. रंग निळा असावा. पाठीवर तो वरपासून खालपर्यंत उभा उसवलेला आहे, त्यामुळे पोट सुटलेला ठेकेदार आणि नववीतला पोरगा दोघंही त्यात मावतात. ठेकेदाराने तो पुढून नुसता पांघरायचा, पोराला मागून कपडे वाळवायच्या चिमट्यांनी आवळायचा. मला तीन चिमटे लागले. "मांगून कोन पायते, दादा?" फोटोवाला म्हणाला. टाय इलॅस्टिकचा, गाठ मारूनच आलेला. ती गाठ सोडवायची वेळ कधी कोणावर आलेली नाही. कोटाचं वरून दुसरं बटण तुटलेलं आहे. हे बटण लक्षात ठेवा.

माझ्या आधी एका काकाजींचा नंबर होता. संत्र्याचा बगीचा, वय सत्तरीकडे, खाली धोतर, पायाला बांधावरची काळी माती. कमरेच्या वर मात्र ते एखाद्या विमा कंपनीचे संचालक. त्यांना कोणीतरी, कशाचं तरी, जिल्हा मार्गदर्शक नेमलं होतं आणि फ्लेक्स संध्याकाळी लागायचा होता.

तर ही सगळी भानगड ५ ऑक्टोबर २०२३ ची. त्या दिवशी छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर बाहेर पडून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, मध्य प्रदेशात ५५ जिल्हे झाले आणि आमच्याकडे ज्या ज्या गोष्टीला तहसील अध्यक्ष होता, तिला जिल्हाध्यक्ष लागू झाला. अध्यक्ष आला की उपाध्यक्ष आले, सचिव, सहसचिव, संघटक, कोषाध्यक्ष (कोष नसला तरी), प्रसिद्धिप्रमुख आले. जिल्हा कचेरीत खुर्च्या यायला वेळ लागला, पण पदाधिकारी तयारच होते. पदाधिकाऱ्याला चेहरा लागतो आणि चेहऱ्याखाली कोट. त्या वाटणीत देवगडचा किल्ला छिंदवाड्याकडे राहिला. आमच्या वाट्याला हा एवढाच कोट आला.

परवा एका वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली उभा राहून मी चेहरे मोजले. वर उत्सवमूर्ती, बाजूला ज्येष्ठ, खाली शुभेच्छुकांची रांग, अगदी तळाशी टपाल तिकिटाएवढी पोरं. चेहरे निरनिराळे. दुसरं बटण मात्र सगळ्यांचंच तुटलेलं. उत्सवमूर्तीचं तुटलेलं, शुभेच्छुकांचं तुटलेलं, विरोधी गटाचं (पुढच्या खांबावर) तुटलेलं. आमच्या जिल्ह्यात विचार जुळत नसतील, बटण जुळतं. सौंसरचा कोट वेगळा आहे, तपकिरी, त्याला बटणं सगळी आहेत पण एक कॉलर कायम उभी राहते. त्यामुळे सौंसरच्या एखाद्या भाऊंनी निळ्या कोटात फोटो छापला की लोक विचारतात, "काऊन, पांढुर्ण्याला गेल्ते का?" एका लग्नाच्या बोलणीत तर घोटाळाच झाला. मुलाचा बायोडाटा मुलीच्या वडिलांच्या हातात दिला. त्यांनी फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि आतून स्वतःच्या नियुक्तीचं कात्रण घेऊन आले. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. मुलगा म्हणाला होता, कोट पुण्याहून घेतला. बोलणी तिथेच थांबली. माझ्या मते उलट व्हायला हवं होतं. सासरा-जावयाला एकच कोट होतो, याहून पत्रिका जुळायची ती काय?

आणि खिसा! कोटाचा आतला खिसा हे या जिल्ह्याचं खरं दप्तर आहे. मी हात घातला तर सौंसर-पांढुर्णा बसचं तिकीट, अर्धी सुपारी, बाजार समितीची कापसाच्या वजनाची पावती, जामसावळीच्या मारुतीचा अंगारा पुडीत बांधलेला, आणि एक चिठ्ठी, तिच्यावर भाषणाची सुरुवात: 'मी आज जो काही आहे तो'. पुढे कोरं. लिहिणाऱ्या भाऊला त्याच वेळी फोटोसाठी हाक मारली असणार.

चिमटे लावून फोटो काढणं आम्ही शोधलेलं नाही, एवढं न्यायाने सांगितलं पाहिजे. १८५४ साली पॅरिसच्या एका फोटोवाल्याने व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोचं पेटंट घेतलं, एका काचेवर आठ-आठ चेहरे उतरवले आणि फोटो स्वस्त झाला. त्या काळी गिऱ्हाइकाला बराच वेळ हलायची बंदी असायची, म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावलेला स्टँड उभा करत. समोरून दिसत नसे. पावणेदोनशे वर्षांत चिमटा मानेवरून पाठीवर आला, एवढीच काय ती प्रगती.

फोटोवाल्याला कला येत नाही असं समजू नका. उत्तम येते. मला सांगत होता की मोबाइल हातभर अंतरावर धरला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात. पाच-सहा फूट दूर जाऊन लांबच्या लेन्सने काढला की चेहरा चेहऱ्यासारखा येतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. डोक्यावरची ट्यूबलाइट डोळ्यांखाली खड्डे पाडते, ती बंद करायची आणि माणसाला दाराशी, बाजूच्या उजेडात बसवायचं. त्याने मला तसं बसवलंसुद्धा. बिनाकोटाचा, शर्टाची बाही दुमडलेली, एक फोटो घेतला. मी पाहिला. हा माणूस मला माहीत होता.

"हा देऊ का?"

"संपादकांना कोट हवा आहे," मी म्हणालो.

"पाय ना, सगळेच असे म्हनते." मग त्याने ट्यूबलाइट लावली. मान वर, हनुवटी खाली, पोट आत, हसू नका, चेहरा हसरा ठेवा. जामसावळीचा मारुती तेवढा सुटला. तो आडवा पहुडलाय आणि त्याला कोणी 'सरळ बसा' म्हणत नाही. चष्म्यावर उजेड पडत होता, तो काढून मी कोटाच्या खिशात टाकला.

इथवर मी हसत होतो. मग काकाजींचा फोटो कॉम्प्युटरवर आला. त्यांच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक खोल, जुना वण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, एका काठाला पांढुर्णा आणि एका काठाला सावरगाव, आणि मग दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात, ती गोटमार. गोटमार बंद व्हावी की नाही, या भांडणात मी इथे पडत नाही. त्यावर माझ्या घरातच एकमत नाही. पण फोटोवाल्याच्या पोराने माउस फिरवला आणि तो वण गेला. दुसऱ्यांदा फिरवला, सुरकुत्या गेल्या. तिसऱ्यांदा, रंग गेला. पन्नास वर्षं बगीच्यात उन्हात उभं राहून कमावलेला रंग एका क्लिकमध्ये गेला आणि खुर्चीवरच्या काकाजींच्या जागी पडद्यावर एक दुधात भिजवलेला इसम बसला.

काकाजी पुढे वाकले. "हा कोन होय?"

"तुमीच होय, काकाजी. डाग होता, काढून टाकला."

"डाग नाही होय गा तो. गोटा लागला होता मले."

पोरगा म्हणाला, फ्लेक्सवर चांगलं दिसत नाही. आणि मला राग आला. कोट उसना, टाय उसना, ठीक आहे. माणूस चार घटका मोठा दिसतो, कोणाचं काय जातं? पण गोरं कोणी मागितलं होतं? या दोन्ही गावांत कातडीचा तो रंग असलेला एक माणूस दाखवा. कापूस वेचणारी बाई असो की तहसीलचा बाबू, फ्लेक्सवर चढताना सगळ्यांना एकाच चुन्यात बुचकळून काढतात, आणि आपण खाली उभं राहून 'फोटो मस्त आला' म्हणतो. संत्र्याला बाजारात पाठवायच्या आधी मेण लावून चमकवतात, मान्य, पण तेव्हाही त्याला सफरचंद कोणी करत नाही! कपाळाचा जो वण म्हातारा सरकारी फॉर्मावर 'ओळखीची खूण' म्हणून आयुष्यभर लिहीत आला, तो खोडून त्याला जिल्ह्याचा मार्गदर्शक करतात. नातू उद्या भिंतीवरचा फोटो पाहून विचारेल की आजोबांच्या घरी हे गोरे पाहुणे कोण आले होते.

काकाजींनी वाद घातला नाही. संध्याकाळी फ्लेक्स लागायचा होता. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि तीन रस्त्यांवरच्या गर्दीत निघून गेले. खरे ते गर्दीतही लांबून ओळखू येत होते.

या मजकुरावर माझा नवा फोटो छापलेला आहे. कोट तोच; बटणाकडे पाहा. रंग माझा नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. पळतच बाहेर पडलो, त्यामुळे वाचायचा चष्मा त्या कोटाच्या आतल्या खिशात, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी राहिला, आणि दुसऱ्या दिवशी गेलो तर कोट एका सत्कारासाठी मोहगावला गेला होता. ज्या कोणा नवनियुक्त जिल्हाध्यक्षांना तो मिळेल, त्यांनी कृपया स्टुडिओत आणून द्यावा. तोवर मी चष्म्याविना लिहितो आहे.