चार दिवसांची अकरा वर्षं

‘हल्ली तशा मालिका होत नाहीत’ असं उसासून म्हणणाऱ्या घरात संध्याकाळी सात ते दहा रिमोटला हात लावून दाखवा! ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चं नाव काढलं की डोळे पाणावतात. तेच डोळे साडेआठला पुसून कोरडे होतात, कारण आज खिरीत विष पडायचं असतं.

दोन्ही वाणांचं पेरणीचं साल एकच. २००१मध्ये अल्फा मराठीवर टिपरे आले आणि त्याच वर्षी ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली. ते चार दिवस २०१३ साली संपले, ३,००० हून अधिक भागांनंतर.

टिपऱ्यांकडे काय घडायचं? आबा रोजनिशी लिहायचे, शिऱ्या उद्योग करून ठेवायचा, श्यामला वैतागायची. बस्स. पण हे आठवड्यातून एकदाच, आणि तेवढं कुठल्याही घरात घडतंच. आठवड्याला सहा भाग द्यायचे तर सज्जन कुटुंबाचा साठा मंगळवारीच संपतो. मग बुधवारी जुळी बहीण, गुरुवारी स्मृतिभ्रंश, शुक्रवारी मेलेला नवरा दारात. लेखक बिचारा दुष्ट नाही, त्याला शनिवारचाही भाग भरायचा असतो.

तेव्हा जुन्या मालिकांच्या गोडव्याचं श्रेय संस्कारांना देण्याआधी थोडं वेळापत्रकालाही द्यावं. आबांना रोज रात्री प्राइम टाइमला बसवलं असतं, तर तिसऱ्या महिन्यात त्यांच्याही रोजनिशीतून मृत्युपत्र निघालं असतं. आणि आपण तेही पाहिलं असतं, नावं ठेवत.