शून्य रुपयांचे बिल

राजस्थानातील सरकारी रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील उपचाराचा खर्च शून्य रुपये आहे. औषधे २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत, तपासण्या २०१३ पासून मोफत, आणि २०२२ मध्ये केसपेपरचे पैसेही माफ झाले. शून्याचे नियम इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवणारा ब्रह्मगुप्त याच प्रांतातल्या भिनमाळचा, तेव्हा हा आकडा इथे शोभतोही. त्याचाच एक नियम असा की कोणत्याही संख्येत शून्य मिळवले तरी ती जशीच्या तशी राहते. रुग्ण बाईच्या खर्चात रुग्णालयाचे बिल मिळवले की नेमके हेच होते.

शून्याच्या जोडीला विमा आहे. २०१५ मध्ये तो भामाशाह होता, २०२१ मध्ये चिरंजीवी झाला, २०२४ पासून ‘मां’ आहे. मधल्या काळात संरक्षणाची रक्कम ५ लाखांवरून १० आणि पुढे २५ लाखांवर गेली. सरकार बदलले की नाव बदलायचे, हा एक डोस मात्र कधी चुकलेला नाही. या विम्यासाठी लागते जन आधार कार्ड, आणि त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या बाईचेच नाव असते. या कुटुंबप्रमुखाला अंगावरून जाणाऱ्या रक्ताबद्दल घरात तोंड उघडायला महिनोन्‌महिने का लागतात, याचा खुलासा कार्डावर नाही.

तोवर रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असतो. मग आठवड्यातून ५ दिवस, साधारण २५ वेळा बाहेरून किरणोपचार. आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन या औषधाचे सलाइन. शेवटी आतून किरण देणाऱ्या ब्रेकीथेरपीच्या काही फेऱ्या. हे सगळे ८ आठवड्यांत उरकावे, असे शास्त्र सांगते. यंत्राखाली काही मिनिटेच झोपायचे असते, पण करौलीची बाई तेवढ्यासाठी रोज जयपूरला ये-जा करू शकत नाही. ती दोन महिने मुक्कामाला येते. खोली, स्टोव्ह, दूध, आणि सोबत आलेल्या नवऱ्याची किंवा मुलाची बुडालेली मजुरी, यांपैकी कशालाच योजनेत पॅकेज नाही.

रेल्वे त्या मानाने उदार. कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचे भाडे पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत. बाई एकटी येणार नाही आणि सोबतीची किंमत चार आणे, हे रेल्वेने अचूक ताडले आहे. स्थानकावरून प्रतापनगरच्या राज्य कर्करोग संस्थेपर्यंत नेणाऱ्या रिक्षावाल्याला हे परिपत्रक अजून मिळालेले नाही. अर्थशास्त्रात अशा खर्चाला अप्रत्यक्ष म्हणतात. त्यासाठी विकलेली म्हैस मात्र प्रत्यक्षच असते. तरीही शून्य खोटे नाही. हाच उपचार खासगीत लाखांच्या घरात जातो, आणि तिथे म्हशीवर भागत नाही.

रोग वेळेत ओळखायला स्वस्त उपाय नाही असे नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला. निम्म्यांच्या गर्भाशयमुखाला दर दोन वर्षांनी सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, लावून पाहिले. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. दहावी झालेल्या सेविकांनी हे काम केले, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आला: या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हिनेगरचे दोष उघड आहेत. त्याला कोनशिला लागत नाही, फीत कापता येत नाही, आणि बाटलीवर मुख्यमंत्र्यांचा फोटो बसवायला जागा अपुरी पडते. वाचलेली बाई तर कोणत्याच लाभार्थी यादीत येत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या २ टक्क्यांनाही पोचत नाहीत. राजस्थानात उरलेल्यांसाठी २५ लाखांची सोय आहेच.